मूळ मालक कोण होता?

नंदुरबारमध्ये प्लॉट किंवा बांधलेले घर घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाच्या हातात वकील पहिल्याच भेटीत कागदांची यादी ठेवतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, त्यामागचे सगळे फेरफार, अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन, बांधकाम परवानगी, घरपट्टीची पावती, बोजा नसल्याची खात्री आणि तीस वर्षांचा शोध अहवाल. पुण्यात मिळते तीच यादी. फरक पडतो तो पुढच्या प्रश्नाने. या जमिनीचा मूळ मालक आदिवासी होता का?

उत्तर ‘हो’ आले की सौदा तिथेच अडखळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे ६ जुलै १९७४ नंतर आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण अशा कोणत्याच वाटेने सहजासहजी जाऊ शकत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि विक्री असेल तर राज्य शासनाची मान्यताही. त्याशिवाय केलेले खरेदीखत कितीही महागड्या मुद्रांकावर असले तरी जमीन परत जाऊ शकते, मग तिच्यावर तीन मजले चढलेले का असेनात. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातली ६९ टक्क्यांच्या आसपास माणसे अनुसूचित जमातींची होती. त्यामुळे इथे वकिलाला हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे सरकता येत नाही.

पण मूळ मालक शोधायला मागे किती जायचे? वकिली रिवाज तीस वर्षांवर थांबतो, आणि कुठेतरी थांबणे त्याला भागच आहे. धर्मविचाराला आणि तत्त्वज्ञानाला ती सोय नाही. आजच्या मालकाने कोणाकडून घेतले, त्याने कोणाकडून, असे उलटे चालत गेले की शेवटी एक माणूस लागतो, ज्याने ही जमीन कोणाकडूनच विकत घेतली नाही. त्याने झाडे तोडली, खुंट उपटले, दगड वेचून बांध घातला, कुडाच्या भिंती उभ्या केल्या. त्याच्याजवळ खरेदीखत नव्हते. असणे शक्यच नव्हते. खरेदीखतांची प्रत्येक साखळी, कितीही लांब असो, अशा एका बिनकागदाच्या माणसापाशी जाऊन संपते.

त्याचा हक्क कुठून आला? इंग्रज विचारवंत जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस याचे उत्तर श्रमात शोधले: निसर्गात माणसाने आपले कष्ट मिसळले की ती वस्तू त्याची. आपल्याकडे हा विचार त्याहून कितीतरी जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, भलत्याच विषयाच्या ओघात, एक दाखला येऊन जातो: ज्याने खुंट काढून रान साफ केले त्याचे शेत, आणि ज्याचा बाण आधी लागला त्याचे हरीण. मनूच्या नावावर जमा असलेल्या बऱ्याच गोष्टींशी आज भांडावे लागते, पण सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा शेतकऱ्याच्या बाजूने याहून नेमके वचन कोणत्या वकिलाला सापडणार? तो दाखला कोणी कधी सातपुड्याच्या कामी आणला नाही, ही गोष्ट वेगळी.

हक्क कोणाचा हा एक प्रश्न झाला. तो सिद्ध कसा करायचा, हा दुसरा, आणि घर घेणाऱ्याची पिशवी फुगते ती या दुसऱ्यामुळे. याज्ञवल्क्य स्मृतीने त्याची तीन साधने सांगितली आहेत: लिखित, भुक्ती आणि साक्षी. म्हणजे कागद, वहिवाट आणि साक्षीदार. मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याने ब्र न काढता, दुसऱ्याने वीस वर्षे जमीन भोगली तर मालकाचे नुकसान होते, असेही ही स्मृती सांगते. १९६३ चा मुदतीचा कायदा हेच बारा वर्षांत आटपतो आणि सरकारच्या जमिनीला मात्र तीस वर्षे देतो. तिन्ही साधने हरली तर दिव्य. मराठेशाहीत वतनाच्या भांडणात देवासमोर रवा काढायला लावत, उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने उचलायचा आणि मग हाताला फोड येतो का ते पाहायचे. त्यापुढे आजचे निबंधक कार्यालयातले अंगठ्याचे यंत्र फारच दयाळू म्हणायला हवे.

या तीन साधनांत कागदाला खास मान पुढे आला, तरी त्याची सवय जुनीच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. भिक्षूंच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून त्याने एका ब्राह्मणाकडून शेत विकत घेतले आणि लेण्याला दान दिले. लेखात विकणाऱ्याचे आणि त्याच्या आईचे नाव आहे, किंमत ४००० कार्षापण आहे, शेत वडिलांकडून आलेले असल्याची नोंद आहे आणि ते नगराच्या शिवेवर कोणत्या दिशेला आहे तेही आहे. पक्षकार, मोबदला, हक्काची साखळी, चतु:सीमा. आजचा दस्तलेखक याहून जास्त काय विचारतो? त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात, दिलेल्या ठेवींची हकिगत निगमसभेत ऐकवून तिथल्या फलकावर नोंदवल्याचे म्हटले आहे. संन्याशांना दिलेले दानसुद्धा नोंदवल्याशिवाय पक्के होत नव्हते. राजा दान देतो, पण राजा बदलतो. भिक्षू घेतात, पण भिक्षूही जातात. दोघांच्या मागे राहील असा साक्षीदार हवा, म्हणून दगड.

मध्ययुगात तोही पुरेना. मग दानाच्या दगडावर वर सूर्य-चंद्र आणि खाली जमीन बळकावणाऱ्यासाठी गाढवाची शिवी कोरलेले गधेगाळ महाराष्ट्रभर उभे राहिले. सूर्य-चंद्र म्हणजे मुदत. गाढव म्हणजे दंड. धार्मिक दानालाही शेवटी धाक लागला, हे त्या शिल्पकारांनी लपवलेले नाही.

वामनाच्या गोष्टीत कागद नाही, पाणी आहे. बळीने तीन पावले जमीन द्यायचे कबूल केले, पण हातावर उदक सुटेपर्यंत दान पुरे झाले नव्हते, आणि तेवढ्या अवधीत शुक्राचार्यांनी झारीच्या तोटीत शिरून पाणी अडवले. सल्लागाराने शेवटच्या क्षणी हरकत घ्यावी तसे. त्यांचा डोळा गेला, दान पुरे झाले आणि बळीचे राज्यही गेले. मराठी माणूस या कथेत आजही बळीच्या बाजूने असतो. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणतो. तरी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही: व्यवहार रीतसर होता. संकल्प होता, साक्षीदार होते, देणाऱ्याची संमती होती. फक्त मागणाऱ्याचे पाऊल केवढे, हे दस्तात नव्हते.

शहाद्याच्या सपाटीवर विसाव्या शतकात जे झाले ते याच जातीचे. तापीकाठची काळी जमीन भिल्ल कुळांच्या नावावरून साहुकार आणि बड्या शेतकऱ्यांच्या नावावर गेली ती दरोडा घालून नव्हे, तर बहुतेक कागद करून. अंगठा होता, साक्षीदार होते, रक्कम होती. थोडे धान्य, लग्नासाठी उचल, मग गहाण, मग फेरफार, आणि ज्याची जमीन होती तो तिच्यावरच सालदार. कोणत्या कागदावर अंगठा उमटला हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. याज्ञवल्क्याच्या भाषेत बोलायचे तर भुक्ती एकाची होती, गावातली साक्ष त्याच्याच बाजूची होती, पण कचेरीत फक्त लिखित ऐकले गेले.

त्याविरुद्ध उभे राहिलेले पहिले लोक भजनी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यात मोरवडला गुलाम महाराजांनी आप धर्म सुरू केला. दारू सोडा, स्वच्छ राहा आणि समोरच्याला, मग तो कोणी असो, ‘आप’ म्हणा. ज्या माणसाला आयुष्यभर ‘अरे-तुरे’ ऐकायची सवय त्याला हे संबोधन मिळाले, आणि सोमवारच्या आरतीला माणसे लोटली. पुढे १९७० च्या दशकाच्या तोंडावर शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले. लोक त्यांनाही महाराजच म्हणत. भजनांतून आणि सर्वोदयाच्या कामातून आलेल्या या माणसाने जमिनीच्या कागदांना हात घातला. १९७२ च्या जानेवारीत शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला, श्रमिक संघटना उभी राहिली आणि गेलेल्या जमिनींचे हिशेब मागितले जाऊ लागले. दोन वर्षांत कायदा बदलला. ३६अ आले आणि त्याच्या जोडीला आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून गेलेल्या जमिनींचे व्यवहार त्याने पुन्हा उघडले. नोंदवलेला दस्त म्हणजे शेवटचा शब्द, हा समज सरकारने स्वत:च मोडला, निदान या एका बाबतीत. आज नंदुरबारचा वकील जो प्रश्न विचारतो तो त्या मेळाव्यातून त्याच्या टेबलावर आला आहे, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

कागदाने इतके पोळल्यावर कागदालाच नकार देणारेही निघाले. नवापूरच्या शिवेपलीकडे, गुजरातच्या तापी जिल्ह्यात व्यारा तालुक्यात सतीपती पंथाचे मूळ ठाणे आहे. केसरीसिंह हे त्याचे प्रवर्तक. जमीन आणि जंगल मूळ रहिवाशांचे आहे, सरकार त्यांचे चाकर आहे, तेव्हा मालकाने चाकराकडून दाखला का घ्यायचा, अशी या पंथाची सरळ मांडणी. कट्टर अनुयायी रेशनकार्ड नाकारतात, मतदार यादीत नाव घालत नाहीत, योजनांचा पैसा घेत नाहीत. हे वेडेपण म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ‘मूळ मालकाजवळ कागद असूच शकत नाही’ या वर आलेल्या विचाराचे ते तर्कशुद्ध टोक आहे. गंमत एवढीच की हाच पंथ आपल्या मांडणीसाठी नोटेवर, नाण्यावर, मुद्रांकावर छापलेल्या इंग्रजी शब्दांचे आपल्या परीने अर्थ लावतो. कागद नाकारायलाही कागदच साक्षीला लागला.

तुकोबांनी कागद बुडवले ते अधिक स्वच्छ. वडिलांच्या सावकारीचे रोखे इंद्रायणीत टाकले, ही कथा सर्वांना माहीत असते. धाकटे बंधू कान्होबा यांचे अर्धे रोखे त्यांनी आधी वेगळे काढून दिले, हा तिचा अर्धा भाग बहुतेक कीर्तनकार घाईत उरकतात. वैराग्य आपल्या वाट्यापुरते. दुसऱ्याच्या हक्काचा कागद आपल्या साक्षात्कारासाठी बुडवता येत नाही, हा विवेक त्या अर्ध्या भागात आहे. आणि त्यांनी बुडवला तो घेण्याचा कागद, म्हणजे ज्याच्या जोरावर दुसऱ्याचे घर घेता येते तो. राहत्या घराचा कागद बुडवा असे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

सातपुड्याच्या पाड्यावर घर असल्याचा पुरावा काय? धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरात घरे एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचे घर त्याच्या शेतात, टेकडी-टेकडीवर विखुरलेले. सपाटीवरचे गावठाण गृहीत धरून बनलेले सगळे नमुने तिथे अपुरे पडतात. गाव कुठे संपते हे वाघदेवाच्या ठाण्यावरून कळते. घर कोणाचे हे पूर्वजांच्या नावाने रोवलेल्या दगडा-खांबांवरून कळते. कुळ कुठून आले हे याहामोगी देवीच्या यात्रेला कोण कोणाबरोबर चालत जाते यावरून कळते. ही सगळी साक्षच आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेली आहे. फक्त तिच्यावर शिक्का नाही. वन खात्याच्या दप्तरात हे लोक शंभर वर्षे ‘अतिक्रमणदार’ होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या बाबतीत जे केले त्याची तत्त्वज्ञांनी घ्यावी तेवढी दखल घेतलेली नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करायला नियमांनी जी पुराव्यांची यादी दिली, तिच्यात मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती आहेच. पण त्याच यादीत जमिनीवरच्या खुणा आहेत: घर, झोपडी, घातलेले बांध, सपाट केलेले रान. जुनी विहीर आहे, दफनभूमी आहे, देवस्थान आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्यांचे लिहून घेतलेले म्हणणे आहे. यांतले कोणतेही दोन पुरावे जोडायचे, आणि पहिली तपासणी ग्रामसभेने करायची. एका म्हातारीने ‘याच्या आज्याचे घर मी इथेच पाहिले’ असे म्हणणे आणि त्या आज्याचे थडगे, एवढ्यावर भारतीय कायद्यात दावा उभा राहू शकतो. याज्ञवल्क्याच्या तीन साधनांपैकी दोन, जी कचेरीतून हाकलली गेली होती, ती मागच्या दाराने नव्हे तर राजपत्रातून परत आली.

अंमल वेगळा. दावे फेटाळले गेले, मोजणी अडली, उपग्रहाच्या चित्रात झाड दिसते की शेत यावर वाद झाले. आणि जिथे माणसाची साक्ष चालते तिथेही साक्षीदाराला आधी ‘मी मी आहे’ हे दाखवावे लागते. त्यासाठीचे देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत दिले गेले. ओळखीच्या कागदाचा आरंभ करायला सरकारने ज्या जिल्ह्याची निवड केली, त्याच जिल्ह्यात घराचा कागद मिळवायला माणसे पिढ्या घालवत होती.

नर्मदाकाठच्या गावांची गोष्ट याहून कडू आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, मणिबेली पहिले. ज्या घराचा कागद कधी कोणी दिला नाही ते घर आपले होते, हे तिथल्या लोकांना सिद्ध करावे लागले ते पाणी चढत असताना, कारण कागद असेल तरच पुनर्वसनात जमीन. बायबलमध्ये यिर्मयाचे असेच एक प्रकरण आहे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता, मुलूख हातचा जाणार हे तो स्वत:च सांगत होता आणि त्याच वेळी त्याने १७ शेकेल चांदी तोलून अनाथोथ गावचे शेत विकत घेतले. साक्षीदार बोलावले, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी केली, आणि दोन्ही टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या. बुडणाऱ्या जमिनीचा कागद करणे म्हणजे परतण्यावर श्रद्धा ठेवणे, असा त्याचा अर्थ लावतात. मणिबेलीच्या माणसाला ती चैन परवडणारी नव्हती. त्याचा कागद दुसरीकडच्या जमिनीचे तिकीट होता.

देवाचेही घर गेले. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले आणि नवे मंदिर गुजरातेत गोरा येथे बांधले गेले. भारतीय कायद्यात देव ही विधिमान्य व्यक्ती आहे, तिच्या नावे मिळकत असते. ६ सप्टेंबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देवस्थानच्या जमिनीला मालक म्हणून देवाचेच नाव लागेल, पुजाऱ्याचे नाही. म्हणजे साऱ्या पृथ्वीचा जो धनी मानला जातो त्यालाही तलाठ्याच्या दप्तरात खातेदार व्हावे लागते. यात श्रद्धाळू माणसाला खटकण्यासारखे काही नाही. देवासाठी तो कागद नसतोच. देवाच्या नावावर जमीन खाणाऱ्यांसाठी असतो. आणि देवाची इनाम जमीन विकता येत नाही.

तेच वनहक्काच्या पट्ट्याचे. तो वारसाने जातो, पण विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. विवाहित असतील तर पती-पत्नी दोघांची नावे त्यावर लागतात. शहरातल्या माणसाला हा अर्धवट हक्क वाटतो. विकता येत नाही ते आपले कसे? बँकही तेच म्हणते आणि अशा जमिनीवर सहसा कर्ज देत नाही. घरात दुखणे आले, मुलगी नर्सिंगला घालायची असली, की न विकता येणारी जमीन खरोखर टोचते. ती टोचणी बाहेरच्या अभ्यासकांनी ‘सामूहिक जीवनदृष्टी’ म्हणून गोड करू नये. पण ज्या शहाद्यात विकता येणारी जमीन एका पिढीत हातची गेली, तिथे ही अट वरून लादलेली म्हणून उडवूनही देता येत नाही.

शहरी घरांतही हा प्रयोग होऊन गेला आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. तिच्याबरोबर एक अट होती: पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकायचे नाही. हेतू उघड होता, नवऱ्याने किंवा दिराने नावापुरती बाई पुढे करू नये. २०२३ मध्ये ती अट काढून टाकली गेली. मालक म्हटल्यावर तिला विकायचीही मुभा हवी, हे म्हणणे सरकारला पटले. नंदुरबारच्या डोंगरातली बाई पट्ट्यावर नवऱ्याच्या जोडीने मालक आहे, आणि तिच्या घराला हेच म्हणणे लावायचे का, हा प्रश्न आता तिथल्या ग्रामसभांपुढे येणार आहे. तिथे बोलायला उठणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी काहींनी सालदारकी स्वत: केलेली असेल.